मी बसले की रडणारी जीप

“ती बसली की गाडी रडती गं. ती उतरली की गप!”

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. सासूबाई मोरीपाशी चुलत सासूबाईंना सांगत होत्या आणि मी आत कणीक मळत होते. मध्ये फक्त पत्र्याचं दार. नव्या सुनेला घरातलं सगळं ऐकू येतं, कारण ती स्वतः काहीच बोलत नसते.

तर मंडळी, चहा निवायच्या आत सांगून टाकते. हा घोटाळा मी आजवर स्वतःहून कुणाला सांगितला नाही. गरजच पडली नाही. आमचं अख्खं निमोणे गाव सांगतंय.

आमच्या ह्यांचं पहिलं लग्न जीपशी झालंय, दुसरं माझ्याशी. सकाळी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात भाजी, दुपारी पॅसेंजर आणि सगळा वेळ गाणी. सीटखाली अँप्लिफायर, मागं रांजणाएवढा बेसचा डबा. निमोण्यात गाणं लावलं तर भीमेपलीकडं माझ्या माहेरी, राहूत, ऐकू गेलं पाहिजे एवढीच त्यांची साधी अपेक्षा!

लग्न लागल्यावर राहूतून मी याच जीपमधून निघाले. मी रडले नाही. रडायचं होतं हो, पण सगळे बघत असले की मला काहीच जमत नाही, रडणंसुद्धा. भावानं धावत येऊन पर्समध्ये फोनचा चार्जर कोंबला, “फोन करत जा” म्हणाला आणि तोंड फिरवून गेला. तेव्हाही नाही.

जीप निघाली. ह्यांनी गाणं लावलं. थोड्या वेळानं त्या गाण्यामागून एक बारीक सूर यायला लागला. कुईंऽऽ! रेस वाढवली की सूर चढायचा, गाडी हळू केली की उतरायचा. गाणं बंद केलं तरी सूर आपला चालूच. भीमेच्या पुलावर तर अगदी गळा काढला.

“नवरी रडंना, म्हणून गाडी रडाया लागली!” मागून कुणीतरी म्हणालं. सगळी जीप हसली. सासूबाई नाही हसल्या.

दुसऱ्या दिवशी हे एकटेच भाजी घेऊन गेले. आवाज नाही. मग जोडीनं देवाला निघालो. गावच्या तळ्यापर्यंत जातोय न जातोय, तोच कुईंऽऽ! ह्यांनी आरशातून मागं पाहिलं. मागं मी होते.

आता ह्यांची झोप उडाली. जीपच्या थांब्यावर लोकांना विषयच मिळाला.

“का रं, सीटखाली चिलटं पाळली का?”

“न्हाई न्हाई, सासरवाडीनं पिपाणी दिली त्याला!”

तळेगावात गाड्यांना साउंड बसवून देणारे बाळूदादा आहेत. त्यांनी नुसतं ऐकूनच निदान केलं.

“अर्थिंगचा लोचा हाय.” मग अर्थिंगच्या जागेचा रंग खरवडून, पत्रा उघडा करून वायर नव्यानं आवळली. हे शीळ घालत घरी आले. संध्याकाळी आम्ही सगळे एका लग्नाला निघालो. कुईंऽऽ!

“मग वायरी एकमेकीला चिकटल्यात.” गाण्याची वायर एका बाजूनं नेली, करंटची दुसऱ्या बाजूनं. बाळूदादांच्या दारात जीप गप्प. घरी येऊन मी बसले, कुईंऽऽ!

मग एक फिल्टर बसवला. मग अँप्लिफायर बदलून पाहिला. प्रत्येक वेळी दुकानात चिडीचूप आणि घरी माझ्या पाठीमागं तो सूर. एखाद्या डॉक्टरकडं गेल्यावर ताप उतरावा आणि दारातून बाहेर पडल्यावर चढावा, तशी गत.

शेवटी बाळूदादांनी ह्यांना धंद्यातलं गुपित सांगितलं आणि ह्यांनी ते जेवताना सगळ्यांना. “एकेक वस्तू काढत जायची. जी काढल्यावर आवाज थांबंल, ती चोर.”

सासूबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

आता बघा, मला राग यायला हवा होता. पण खरं सांगू? पद्धत अगदी बिनचूक होती. सून काढली, आवाज थांबला. सून घातली, आवाज आला. मीसुद्धा मनात तपासून पाहिलं, एकदाही चुकत नव्हतं! मग सासूबाईंनी नारळ उतरवला. आधी जीपवरून, नंतर माझ्यावरून. नारळ तोच.

हे म्हणायचे, “आई, कायबी काय बोलती!” पण गाडी चालवताना त्यांचे डोळे आरशात असायचे. आवाज सुरू झाला की आमची नजरानजर व्हायची आणि दोघंही दुसरीकडं बघायचो. लग्नाला अजून महिनेही मोजण्यासारखे झाले नव्हते, आणि आमच्यात बोलण्यापेक्षा तो सूरच जास्त होता.

मला एकच विसावा होता. आमची खोली लग्नाच्या घाईत बांधलेली. दिवा लागला, पंखा लागला, प्लग मात्र “मागनं बघू” म्हणून राहिला. स्वयंपाकघरातला प्लग मिक्सरचा. बाहेरच्या खोलीतला टीव्हीपाशी. तिथं फोन लावला तर तो वाजायचा सगळ्यांसमोर. “कोण, आई का गं? सकाळीच झालं न्हवं बोलणं?” कुणी वाईट बोलायचं नाही, पण मी फोन उचलून आणला तो आणलाच. मग आई अर्ध्या वाक्यात असताना चार्जिंग संपून फोन बंद पडायचा आणि मी भिंतीकडं बघत बसायचे. कुणी बघत नसलं की मला रडायला छान जमतं.

जीपमध्ये मात्र मागच्या सीटपाशी पॅसेंजरसाठी काढलेला चार्जिंगचा पॉइंट होता. शाल मांडीवर घ्यायची, खाली हात घालून फोन लावून द्यायचा. कुणाला पत्ता नाही. जाऊन येईपर्यंत दोन दिवसांची आई भरून घ्यायची.

हं. हसा तुम्ही. मला तेव्हा कळलं नव्हतं.

तर ते मोरीपाशीचं वाक्य तिथंच थांबलं नव्हतं. पुढं होतं, “परवा तिच्या भावाचा साखरपुडा. पावण्यांच्या दारात गाडी रडत न्यायची व्हय? तिला यष्टीनं धाडू, आपण जीपनं जाऊ.”

कणकेत पाणी जास्त झालं. डोळ्यापुढं राहूचा थांबा आला. सासरचे लोक मांडवापुढं जीपमधून उतरताहेत आणि मी एकटी पिशवी घेऊन एसटीतून. आई काही विचारणार नाही. नुसती बघेल. तेच नको होतं मला.

साखरपुड्याच्या सकाळी ह्यांनी बाळूदादांना थेट दारातच आणलं. “आज काय ते एकदाच होऊन जाऊ दे!” जीप अंगणात, इंजिन चालू. सासरे, त्यांना सगळे आप्पा म्हणतात, बाजेवर. शेजारचे कुंपणापाशी.

“वैनी, बसा,” बाळूदादा म्हणाले.

मी बसले. शांत. चार श्वास गेले. राहूपर्यंत फोनला जीव हवा म्हणून हात सवयीनं शालीखाली गेला. कुईंऽऽ!

“उतरा.”

मी चार्जर काढून पर्समध्ये टाकला आणि उतरले. शांत.

“बगितलं?” सासूबाई कुंपणाकडं बघून म्हणाल्या. “मी काय येडी हाय?”

“परत बसा.” बसले. हात शालीखाली. कुईंऽऽ!

“उतर गं बाई, उतर लवकर!” सासूबाई एवढ्या जोरात ओरडल्या की मी होते तशीच खाली उडी मारली. शाल सीटवर, पर्स सीटवर.

आणि कुईंऽऽ!

मी अंगणात उभी. जीप रिकामी. जीप रडतेय!

मग आप्पा बाजेवरून म्हणाले, “आता कुणाच्या पायगुणानं रडती म्हणायची? माझ्या?”

कुंपणापाशी हशा पिकला. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, आरशातून नाही, सरळ. काय सांगू तुम्हाला! लग्नात हार घालतानाही मान एवढी ताठ नव्हती माझी. मी सुटले होते. निर्दोष!

“वैनींचा कायबी संबंध न्हाई,” बाळूदादांनी जाहीर केलं आणि सीटखाली बघायला म्हणून त्यांनी माझी शाल उचलली.

“ह्ये काय हाय?”

त्यांच्या हातात लाल चार्जरची वायर. तिच्या टोकाला माझा फोन, शेपटी धरलेल्या उंदरासारखा लोंबकळत. त्यांनी चार्जर उपसला. शांत. खुपसला. कुईंऽऽ! उपसला. शांत. माणसानं किती हौसेनं करावं!

“कुठनं घेतला ह्यो?”

“भावानं, दौंड स्टेशनाबाहेर,” मी पायाकडं बघत म्हणाले. “हातगाडीवर.”

“तरीच! आरं, हा पॉइंट अँपच्याच वायरीतनं काढलाय. असल्या चार्जरची सगळी घाण थेट अँपमधी!”

“पॉइंट तूच काढून दिला व्हता,” हे म्हणाले. बाळूदादांना एकदम टायरमधली हवा तपासावीशी वाटली.

ताठ मान कुठं ठेवायची असते, मला माहीत नव्हतं. अर्ध्या मिनिटापूर्वी मी निर्दोष होते. आता तर पुरावा लोंबकळत होता.

सासूबाई जवळ आल्या. चिडलेल्या नव्हत्या, खरंच कोड्यात पडल्या होत्या. “आगं, पण फोन घरात लावायचा की! गाडीत लपवून कशाला?”

सगळे माझ्याकडं बघत होते. सगळे बघत असले की मला काहीच जमत नाही, हे सांगितलंय मी तुम्हाला. पण त्या दिवशी घसा आपोआप मोकळा झाला.

“आई,” मी म्हणाले, “तुमचं खरं होतं. मी बसले की गाडी रडत होती. आता आमच्या खोलीत एक प्लग काढून द्या, म्हंजी गाडीचं नि माझं, दोघींचंबी रडणं थांबंल.”