न मागता उघडलेली पर्स

मी माझी पर्स मुग्धाच्या काचेच्या टीपॉयवर उलटी केली. मला कुणी सांगितलं नव्हतं.

परदेशातल्या पॉइंट कुक या उपनगरातलं मुग्धा आणि शिरीषचं घर. रविवारची दुपार, जुलैची थंडी (इथे ऋतू उलटे), हीटर चालू. आम्ही सोळा माणसं, सगळी मराठी. मुग्धा किचनमधून एवढंच म्हणाली होती, "अगं, माझं ब्रेसलेट कुठे गेलं? मिसळ करताना इथेच सिंकपाशी काढून ठेवलं होतं." बस. बाकीचे "असेल गं तिथेच, नीट बघ" म्हणाले आणि चहा पीत राहिले. माझे हात मात्र केव्हाच कामाला लागले होते.

किल्ल्या पडल्या. कामावरचं ओळखपत्र. पॅड. डोकेदुखीच्या गोळ्यांची अर्धी स्ट्रिप. लिप बाम. आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद. मुग्धा बाहेर आली, तिने तो उचलला.

"हे काय? कानातल्यांचं बिल?"

माझ्या कानातल्या टॉप्सची पावती. पुण्याच्या सोनाराची. अकरा वर्षं ती माझ्या पर्समध्ये होती. पर्स बदलली की पावती आधी हलवायचे, मग बाकीचं.

"बिल घेऊन फिरतेस तू?" मुग्धा हसली. दोन-तीन जणी हसल्या. मग हसू थांबलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. तीन वर्षं ओळखतात मला. असे पहिल्यांदाच बघत होते.

मी फासेपारधी आहे. हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. आमचं आडनाव असं की ते मराठ्यांतही आहे. पहिल्याच दिवशी शिरीष म्हणाला होता, "वा, म्हणजे शहाण्णव कुळी!" मी हसले. खोटं बोलले नाही. फक्त हसले. नंतर तीन वर्षं तेवढ्यावरच निभावलं. सरकारी स्कॉलरशिपवर इथल्या युनिव्हर्सिटीत आले हेही कुणाला सांगितलं नाही, कारण पुढचा प्रश्न मला ठाऊक होता: कुठल्या कोट्यातून? नवरा म्हणायचा, "इथे कोण विचारतंय? गप्प राहा." तोही आमच्यातलाच.

गप्प राहणं सोपं नसतं. सतत भीती असते. कुणी गाव विचारलं की मी तालुक्याचं नाव सांगायचे. "गावात कुठे राहता?" विचारलं की विषय बदलायचे. आम्ही गावात नव्हतोच. गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडे, पालात.

पोलीस दिवसाढवळ्या यायचे. जवळपास कुठेही चोरी झाली की आधी आमची पालं. भांडी फेकायचे, सायकल दिसली की पावती मागायचे. पावती नसली की सायकल चोरीची. माझ्या बाचा डावा हात त्यांनी मोडला, तो अजून सरळ होत नाही. बाने आम्हा भावंडांना एकच गोष्ट घोकून घेतली होती. "कुणी काही हरवलं म्हटलं की थांबायचं नाही. आपण होऊन दाखवायचं. पिशवी, खिसे, सगळं. आधी दाखवलं की कमी मारतात."

मी नऊ वर्षांची असताना आश्रमशाळेत गुरुजींचं घड्याळ हरवलं. गुरुजी वर्गात येऊन नुसते म्हणाले, "माझं घड्याळ कुणी पाहिलं का?" मी उठले आणि दप्तर फरशीवर उलटं केलं. पाटी, फडकं, चिंचोके.  गुरुजी वर्गाला म्हणाले, "बघा. चोराला बरोबर कळतं." आम्ही चार पारध्यांची पोरं. चौघांना उन्हात उभं केलं, छडी तुटेपर्यंत मारलं. माझ्यामुळे. ती तिघं नंतर महिनाभर माझ्याशी बोलली नाहीत. घड्याळाचं काय झालं ते कुणी सांगितलंच नाही.

तेव्हाच कळायला हवं होतं की बाचा उपाय चुकीचा आहे. नाही कळलं. भीती शिकवली की पक्की बसते.

त्या रविवारी आमच्या सिनेमा कट्ट्याचा कार्यक्रम होता. दर महिन्याला कुणाच्या तरी घरी सिनेमा, मग खाणं, मग चर्चा. यावेळी निखिलने जिप्सींवरचा सिनेमा निवडला होता. निखिल इथे प्राध्यापक आहे, सिनेमा तोच निवडतो. युरोपातली रोमा माणसं. एक मुलगी, तेराएक वर्षांची. ती गुणगुणली की कुलपं आपोआप उघडतात. लहानपणी ती याचा खेळ करते, कोंबड्यांची खुराडी उघडते, वेड्यांच्या इस्पितळाचं दार उघडते. मग शहरातला एक मामा येतो, तिला घेऊन जातो आणि लोकांची घरं उघडायला लावतो.

माझी मुलगी इरा बारा वर्षांची. बाकी पोरं वरच्या मजल्यावर खेळत होती. ही हट्टाने माझ्याजवळ बसली. अर्ध्यात माझ्या कानाशी कुजबुजली, "शी इज सो कूल, आई." तिचा चेहरा पडद्याच्या उजेडात चमकत होता. मला आनंद झाला आणि त्याच क्षणी भीती वाटली.

एका प्रसंगात पोलीस त्या जिप्सींच्या तळावर येतात. एक शब्द बोलत नाहीत. तरी तळावरची सगळी पोरं आपोआप रांगेत उभी राहतात, खिसे बाहेर काढून. चार वर्षांचं पोर, त्याच्या चड्डीला खिसाच नाही, ते चड्डीचा काठ धरून उलटा करतं.  बाजूला कुणीतरी पॉपकॉर्न खात होतं.

दिवे लागल्यावर निखिल म्हणाला, "काय फ्रेम आहे ना ती खिशांची? ब्युटिफुल." मग शिरीष म्हणाला, "आपल्याकडचे फासेपारधी. सेम टू सेम. कितीही शाळा काढा त्यांच्यासाठी, रक्तातच असतं ते." मुग्धा म्हणाली, "आमच्या मावशीकडे सोलापूरला दरोडा पडला होता ना, तेच होते. अंगाला तेल लावून येतात म्हणे." कुणीतरी "बापरे" म्हणालं. मग सगळे मिसळीकडे वळले.

मी पॅथॉलॉजीत काम करते. रोज वीसेक लोकांचं रक्त काढते. गोऱ्यांचं, चिन्यांचं, आपल्या लोकांचं. एकदा शिरीषचंही काढलंय, कोलेस्टेरॉलसाठी. त्याला सुईची भीती वाटते, तेव्हा मी त्याला गप्पांत गुंतवलं होतं. हे सगळं डोक्यात आलं.  मी मिसळीवर फरसाण घेतलं. इराने विचारलं, "हू आर दे टॉकिंग अबाउट?" मी म्हटलं, "खा."

आणि दहा मिनिटांनी मुग्धा म्हणाली, माझं ब्रेसलेट कुठे गेलं.

मघाशी सांगितलं ते इथे घडलं. टीपॉयवर माझं सामान. मुग्धाच्या हातात माझी पावती. 

मुग्धाने पावती खाली ठेवली. मला वाटलं, संपलं. ती इराकडे वळली. आवाज एकदम गोड.

"इरा बेटा, तू मघाशी किचनमध्ये आली होतीस ना पाणी प्यायला? तुझी बॅकपॅक पण दाखव ना. आईने दाखवली तशी."

किचनमध्ये नऊ-दहा जण जाऊन आले होते. निखिल दोनदा. कुणाची बॅग नाही, कुणाचा खिसा नाही.

इराने माझ्याकडे बघितलं. आणि तिचा हात चेनवर गेला.  तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिने ना पाल बघितलं, ना आश्रमशाळा. पाच मिनिटांपूर्वी तिने फक्त मला बघितलं होतं. तेवढ्यात शिकली पोर. चेन अर्धी उघडली होती.

तेव्हा माझ्यात काहीतरी तुटलं. भीती गेली नाही. भीती तशीच होती, उलट वाढली. पण मी उठले आणि इराचा हात चेनवरून काढला.

"नाही. तिची बॅग उघडणार नाही."

"अगं, एवढं काय त्यात? आम्ही तुला काही बोललो का? पर्स तूच उघडलीस," मुग्धा म्हणाली.

हे खरं होतं. हेच सगळ्यात जास्त लागलं.

"हो, मी उघडली," मी म्हटलं. "कारण मी फासेपारधी आहे. मघाशी ज्यांच्याबद्दल बोललात ना, त्यातली. आम्हाला लहानपणापासून हेच शिकवतात. हरवलं तुमचं, की झडती आमची."

 मी सोफ्याची पाठ धरली. शिरीष पहिल्यांदा जे बोलला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तो म्हणाला, "पण तुमचं आडनाव तर..."

मग त्याचं त्यालाच कळलं. दोन्ही हात वर करून म्हणाला, "ओके, ओके, कूल डाउन. पोलीस-बिलीस कुणी बोलवत नाहीये."

तोपर्यंत पोलिसांचं नाव कुणीही काढलं नव्हतं.

पोलीस. हा शब्द ऐकला की मी आजही रस्ता बदलते. इथे सिटीत गाडी अडवून दारूसाठी श्वास तपासतात, सगळ्यांचाच. तेव्हाही मला घाम फुटतो. आमचा सिटिझनशिपचा अर्ज गेलेला. त्यात चारित्र्याचा रकाना. एक तक्रार, एक फोन, आणि बारा वर्षांच्या कष्टांवर पाणी. हे सगळं एका क्षणात डोळ्यांसमोरून गेलं. आणि मी म्हणाले,

"बोलवा."

"काय?"

"बोलवा पोलिसांना. मी इथेच बसते. ते येऊ देत, लिहून घेऊ देत. मग बॅगा उघडू. सोळाच्या सोळा. खिसेसुद्धा."

आणि मी बसले. इराला शेजारी बसवलं. आमच्या कुळात पोलिसांना बोलवा म्हणणारी मी पहिलीच असेन. बाने ऐकलं असतं तर कपाळावर हात मारला असता. 

पोलिसांना फोन कुणी लावला नाही. स्वतःची बॅगही कुणी पुढे केली नाही. एकही नाही. निखिल आपल्या बुटांकडे बघत होता. ब्युटिफुल म्हणणारा निखिल. कुणीतरी कप उचलून आत नेले. दहा मिनिटं झाली असतील. मग मी माझं सामान एकेक करून पर्समध्ये भरलं. पावती फाडली, चार तुकडे केले आणि टीपॉयवर ठेवले. दाराशी मुग्धा म्हणाली, "तू फारच पर्सनली घेतलंस यार." मी इराचा हात धरून बाहेर पडले.

गाडी दोन वळणांपुढे नेता आली नाही. खाडीच्या बाजूला थांबवली.  मागून एक गाडी आली तर तिच्या टपावर पोलिसांचा निळा दिवा आहे का, ते मी आरशात बघितलं.

"आई, व्हाय डिड यू डू दॅट? वी डिडन्ट टेक एनिथिंग."

मग सांगितलं. सगळं. पालं, सायकल, बाचा हात, गुरुजींचं घड्याळ. अर्धं मराठीत, अर्धं इंग्लिशमध्ये. इरा रडली नाही. म्हणाली, "कियाराला कळणार. शी विल टेल एव्हरीवन." कियारा म्हणजे मुग्धाची मुलगी. दोघी एकाच वर्गात.

"हो, सांगेल."

"आय अॅम स्केअर्ड, आई."

"मी पण." तिला खोटा धीर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. मी म्हटलं, "कुणाला सांगायचं, कुणाला नाही, ते तू ठरव. पण लाज म्हणून लपवायचं नाही. आणि कुणी दाखव म्हटलं की विचारायचं, का? आणि बाकीच्यांचं कधी?"

घरी आल्यावर नवरा डोकं धरून बसला. "अर्ज अडकला तर?" म्हणाला. मलाही तीच धास्ती आहे. अजून आहे. दारावर टकटक झाली की मी आधी खिडकीतून बघते.

ब्रेसलेट मिळालं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, विचारणारही नाही. मिळालं म्हणजे मी सुटले, असं मला व्हायला नको. मी अडकलेच नव्हते.

दोन दिवसांनी निखिलचा मला एकटीला मेसेज आला. झालं ते अनफॉर्च्युनेट होतं, पुढच्या वेळी मी आमच्या समाजाबद्दल दहा मिनिटं बोलावं, ऑथेंटिक व्हॉइस म्हणून. काही दिवस ब्रेक घ्यायचा असेल तर तेही समजू शकतो, नो वरीज. म्हणजे एकतर नमुना म्हणून या, नाहीतर येऊच नका.

 मी कट्ट्याच्या ग्रुपवर लिहिलं, चाळीस जणांसमोर. लिहिताना तीनदा फोन खाली ठेवला. लिहिलं की मी फासेपारधी. मुग्धा-शिरीषच्या घरी माझ्या बारा वर्षांच्या मुलीची एकटीची झडती मागितली गेली. त्या वेळी इतकी माणसं हजर होती आणि कुणीही बोललं नाही. पुढचा सिनेमा ग्लेन वेव्हर्लीला आहे. मी येणार आहे. बोलायला नाही. सिनेमा बघायला. सगळ्यांसारखी.

सगळ्यांनी वाचलं. एकाचंही उत्तर नाही. एक जण ग्रुप सोडून गेला.

मी सोडणार नाही. रविवारी तासभर गाडी चालवत जाणार आहे. इराला विचारलं, ती विचार करतेय, तिच्यावर सक्ती नाही. ती नाही आली तर एकटी जाईन. दाराबाहेर भीती वाटेल, माहीत आहे. वाटू दे. मी आत जाऊन सगळ्यात पुढे बसेन. ज्याला मी नको असेन, त्याने उठून माझ्यासमोर यावं आणि का नको ते माझ्या जातीचं नाव घेऊन सांगावं.