बिनधुराची भट्टी

"घ्या, हुंगून बघा," असं म्हणत मामा धुतलेली चादर थेट माझ्या नाकाला लावायचे. मी मागे सरकलो तर तेही एक पाऊल पुढे येत. "धुराचा वास येतोय का? न्हाई ना? मग ठेवा कपाटात."

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या काळात मी अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या अलीकडच्या डोंगरात, एका लहानशा दवाखान्यात कंपाउंडर होतो. मामा गावचे परीट. त्यांचं खरं नाव गाव विसरलं होतं, आणि बहुधा तेही विसरले होते. दवाखान्याच्या चादरी, पट्ट्या, डॉक्टरांचे कोट, सगळं धुवायला त्यांच्याकडे जायचं. परटाची भट्टी तुम्ही पाहिली असेल. खारात भिजवलेले कपडे मोठ्या भांड्यावर रचायचे आणि खाली दिवसभर लाकडं जाळून त्यांना वाफ द्यायची. मामांच्या घरामागेही तशी भट्टी होती, पण तिच्यात कोंबड्या अंडी घालत.

कारण मामांनी आपलं काम कढत कुंडावर नेलं होतं. गावापासून मैलभरावर खडकातून उकळतं पाणी वर यायचं. गाव तिथे वर्षातून एकदा नारळ फोडायचं, हात जोडायचं आणि घरी येऊन पुन्हा चुलीत लाकूड सारायचं. मामा मात्र कपड्यांची बोचकी दोरीने त्या कुंडात सोडत आणि खुशाल तंबाखू मळत बसत.

"भुई आपनहून तापलीय," ते म्हणायचे, "आन तिच्या म्होरं आपुन लाकडं जाळायची? येडे का काय आमी?"

यामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही दुसरीकडे बघत. "बाप माझा भट्टीम्होरं बसून बसून गेला. छातीत निसता धूर. मरताना बी खोकतच हुता."

भट्टीसाठी गावच्या रानातली दोन झाडं दर वर्षी तोडायचा परटाचा पिढीजात हक्क होता. मामांनी तो कित्येक वर्षांत बजावला नव्हता. न तोडलेली झाडं मात्र त्यांच्या पक्की ध्यानात होती. दुसरा कोणी पाहुण्याला आपली बागायत दाखवील, मामा मला रान दाखवायचे. "ह्यो ऐन माझ्या लग्नाच्या सालचा. त्यो बेहडा पोरीच्या बारशाचा. आन हितं खाली बगा, वैशाखात बी झिरप हाय. वरची झाडं गेली असती तर ही ऱ्हायली असती का?" बायाबापड्या तिथूनच पिण्याचं पाणी भरत. पण ते पाणी परटाने राखलंय, असं त्यांच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मग पेट्रोल मिळेनासं झालं आणि मोटारी लाकडी कोळशावर चालू लागल्या. एक ठेकेदार रानावर डोळा ठेवून गावात उतरला. तो मामांना म्हणाला, "तुमच्या हक्काची इतक्या सालांची झाडं बाकी आहेत. भट्टीला पाहिजेत म्हणून अंगठा द्या. तोडायचं मी बघतो. चार लाकडं तुमची, उरलेल्याचा कोळसा माझा. वर तुमच्या घराला नवी कौलं."

"घर गळत न्हाई माझं," मामा म्हणाले. ते धडधडीत खोटं होतं. पावसाळ्यात त्यांची इस्त्री माझ्याच खोलीत मुक्कामाला असे.

ठेकेदार चिडला. त्याने नगरला अर्ज ठोकला की दवाखान्याचे कपडे विस्तवावर उकळतच नाहीत, रोग पसरेल. तिथले मोठे डॉक्टर तपासणीला आले आणि कुंडाच्या काठावर उभे राहून त्यांनी सुनावलं, "उद्यापासून भट्टी पेटली पाहिजे. नाहीतर काम दुसऱ्या परटाला देऊ." काम गेलं असतं तर मामांची रोजी गेली असती, आणि भट्टी पेटली असती तर तिच्या लाकडांच्या निमित्ताने रान. ठेकेदार बाजूला पान चघळत होता. मी वहीत मान घालून उभा राहिलो. आजही त्याची लाज वाटते.

मामा म्हणाले, "सायेब, तुमचा रुमाल द्या."

त्यात त्यांनी आपल्या शिध्यातले मूठभर तांदूळ बांधले आणि पुरचुंडी पाण्यात सोडली. घाईत गाठ मात्र आवळून मारली. आम्ही सगळे पाण्याकडे बघत राहिलो. बऱ्याच वेळाने पुरचुंडी वर काढली तर भात फुगून साहेबांचा रुमाल फाटलेला. डॉक्टरांनी एक शीत बोटांत चिरडून पाहिलं, मग चिमूटभर भात तोंडात टाकला.

"मीठ नाही," ते म्हणाले.

"मीठ न्हाई सायेब. धूर बी न्हाई."

डॉक्टर मोठ्याने हसले. तिथेच माझ्या वहीत त्यांनी शेरा लिहिला: कपडे कुंडावरच धुवावेत. ठेकेदार पान थुंकून चालता झाला. मला त्या दिवशी मामांचा जो अभिमान वाटला, तो स्वतःच्या परीक्षेच्या निकालाचाही कधी वाटला नव्हता. रुमाल मात्र त्यांनी भरून दिला नाही.

लढाई संपल्यावरच्या दुसऱ्या हिवाळ्यात मामा तापाने गेले. माझ्या औषधांचा काही उपयोग झाला नाही. सरणाचा विषय निघाला तेव्हा पाटील म्हणाले, "त्याच्या हक्काची झाडं हायत की. एक ऐन पाडा." मामांचा थोरला कुऱ्हाड घेऊन रानात गेला आणि बऱ्याच वेळाने तसाच परत आला.

"कंचं तोडू?" तो म्हणाला. "समदी त्यानंच राखल्याली हायत."

पाटीलच उठले आणि घरून मोडका नांगर घेऊन आले. मग कोणी बाजेचे खूर आणले, कोणी गोवऱ्या, कोणी कुडाच्या जुन्या लाकडी मेढी. मी दवाखान्यात जाऊन औषधांच्या खोक्यांच्या फळ्या उचकटल्या. सरण रचून झालं तरी म्हाताऱ्या बाया डोक्यावर वाळक्या काटक्या घेऊन येतच होत्या, आणि त्यांच्या मागे डोंगरावर मामांची सगळी झाडं उभी होती.