दोघांत एक कार्ट्रिज

विमा कंपनीत मी मोटारींचे क्लेम तपासायचो. समोरचा सांगतोय तसं घडलेलं नाही, असं धरूनच गाडीभोवती फेरी मारायची. निवृत्त झालो तरी ही खोड गेली नाही. ती माझ्या सगळ्यात जुन्या मित्राकडे वळली, ते एका कार्ट्रिजमुळे.

मी बोरिवलीला राहतो, तो मुलुंडला. त्याचे वडील मालवणकडून गिरणीत कामाला आले होते, माझे पोस्टात होते. आम्ही दोघे कॉलेजपासूनचे. दोघांच्याही घरी जुने रेकॉर्ड प्लेअर आणि कपाटभर रेकॉर्ड. काही वर्षांपूर्वी दोघांच्याही पिना झिजल्या आणि नवीन कार्ट्रिज घ्यायची वेळ आली. कार्ट्रिज म्हणजे काडीपेटीहून लहान अशी डबी. तिच्या पोटात पिन बसते आणि रेकॉर्डच्या खाचेतून फिरते. आमचा वाद पिनेच्या टोकावरून होता. गोल टोकाची पिन दणकट आणि स्वस्त असते, पण आधीच्या सगळ्या पिना जिथून घासत गेल्या तिथूनच ती जाते. बारीक टोकाची खाचेत खोल उतरते, जिथे झीज झालेली नसते, त्यामुळे जुनं गाणंही स्वच्छ वाजतं. पण ती नाजूक. कोन जरा चुकला किंवा धूळ राहिली की संपली. त्याला बारीकच हवी होती. मला वाटत होतं, भंगारवाल्याकडून आणलेल्या त्याच्या रेकॉर्डी ती पिन खाऊन टाकतील.

शेवटी बारीकच घेतली, पण दोघांत एक. एकट्याने एवढा खर्च करायला दोघांचंही मन होत नव्हतं. त्याच्या परदेशातल्या भाच्याने ती आणली. प्लेअरच्या दांड्याच्या टोकाला पिळून बसवायच्या पट्टीवर आम्ही ती स्क्रूने पक्की केली. दोघांच्या प्लेअरना तीच पट्टी बसायची. महिनाभर त्याच्याकडे, महिनाभर माझ्याकडे, असं ठरलं. नियमही ठरले. रेकॉर्डच्या दर बाजूआधी पिनेवर ब्रश फिरवायचा, तो मागून पुढे, आडवा कधीच नाही. बोट लावायचं नाही. रेकॉर्ड पुसल्याशिवाय लावायची नाही. पिनेचा रेकॉर्डवर पडणारा भार छोट्या काट्यावर मोजायचा. रविवारी सकाळी आरे कॉलनीत बसस्टॉपजवळच्या टपरीवर भेटून, चहा पिऊन डबी एकमेकांकडे द्यायची. माझी बायको म्हणायची, तुमची ही तस्करी एकदा पोलीस पकडणार.

तिसऱ्या-चौथ्या वेळेस डबी घरी आणली तेव्हा मी नेहमीसारखं भिंग लावलं. प्रत्येक पिनेसोबत तिचं पारदर्शक झाकण येतं. त्यावर एक ओरखडा होता, तो माझ्याच हातून पडलेला. आता झाकण कोरं होतं. मी ते उजेडात धरून सगळीकडून फिरवलं. ओरखडा नव्हता.

मग रेकॉर्ड लावली. आवाज जरा कडक आला, गाण्यातला 'स' कानाला टोचायला लागला. बायको म्हणाली, नेहमीसारखाच तर येतोय. पण मला खात्री पटली होती की पिन बदललेली आहे. या कार्ट्रिजची पिन पुढे ओढली की डबीतून निघते, दुसरी बसवता येते. बाजारात डुप्लिकेट पिना मिळतात, हे मला माहीत होतं. म्हणजे ओरिजनल त्याने स्वतःकडे ठेवली आणि मला डुप्लिकेट दिली. हा विचार आला तेव्हा लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर आधी जुन्या नोकरीतला उत्साहच आला.

मी फोन केला नाही. फोनवर माणसाला तयारी करायला वेळ मिळतो. एका सकाळी न कळवता मुलुंडला गेलो.

दार वहिनींनी उघडलं. तो भाजी आणायला गेला होता. त्या पाणी आणायला आत गेल्या आणि मी सरळ प्लेअरपाशी गेलो. दांड्याला त्याची जुनी गोल पिन लावलेली होती. शेल्फवर, आजूबाजूला, कुठे ओरिजनल पिन दिसली नाही. वहिनींनी पाण्याचा पेला पुढे केला तेव्हा पाणी काठावरून थोडं सांडलं. त्यांनी पटकन पेला टेबलावर ठेवला. त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही.

मित्र आला. मी विचारलं, पिन बदललीस का रे? त्याने स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं आणि मोठ्याने म्हणाला, "चल, खाली सुपारी आणू." तो सुपारी खात नाही.

खाली स्कूटरपाशी उभं राहून त्याने सांगितलं. वहिनी धूळ पुसत होत्या, फडकं दांड्यात अडकलं आणि पिन वाकली. त्यांचा उजवा हात काही महिन्यांपासून थरथरतो. डॉक्टर, तपासण्या सगळं चालू आहे. रांगोळी त्यांनी आपणहून सोडली, सही करायलाही टाळतात. "पिन तिच्या हातून गेली हे कळलं तर ती घरात कशालाच हात लावणार नाही रे," तो म्हणाला. म्हणून वाकलेली पिन गुपचूप काढली, नवी मागवून बसवली आणि माझी पाळी आली तशी डबी मला दिली. नव्या पिनेला मोकळं व्हायला वेळ लागतो, त्यामुळे आवाज कडक वाटत असेल, म्हणाला.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं.

"नव्या पिनेचं पाकीट दाखवू?"

मी हो म्हणालो. त्याने स्कूटरची डिकी उघडली. रेनकोटखाली पिनेचं पाकीट होतं आणि त्यात वाकलेली पिनही. मी दोन्ही पाहिलं. वाकलेली पिन आमचीच होती आणि पाकिटावरून नवीही ओरिजनलच होती. त्याने डिकी लावली आणि तो जिना चढायला लागला.

वर आल्यावर त्याला कुणाचा तरी फोन आला, तो गॅलरीत गेला. वहिनी माझ्यासमोर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "भावजी, ती पिन माझ्या हातून वाकलीय. ह्यांना वाटतं, मला कळलंच नाही."

त्या पुढे म्हणाल्या, "मला माहीत आहे हे त्यांना सांगू नका. सांगितलंत तर ते मला प्लेअरजवळ फिरकूच देणार नाहीत. सध्या निदान रेकॉर्ड लावते मी."

गॅलरीतून तो आत आला तेव्हा मी पोह्यांचं कौतुक करत होतो. पोहे अजून आले नव्हते.

घरी येताना बसमध्ये मी दोघांची साक्ष पुन्हापुन्हा तपासत होतो. त्याला खरंच कळलं नसेल? की वहिनींना कळलंय हे कळूनही तो मला वेगळं सांगत होता? आणि वहिनींनी नेमकं तो गॅलरीत गेल्यावरच का सांगितलं? नोकरीत असतो तर दोघांनाही पुन्हा बोलावलं असतं.

त्याच्या प्लेअरला दांडा सावकाश खाली सोडणारी एक लिव्हर होती, पण तिच्यातलं तेल वाळल्यामुळे दांडा धाडकन पडायचा. म्हणून दोघंही हातानेच पिन ठेवायचे. पुढच्या खेपेला डबी द्यायला मी टपरीऐवजी त्याच्या घरीच गेलो, सिलिकॉनचं दाट तेल घेऊन. लिव्हर उघडून साफ केली, तेल भरलं. माझा कार्ट्रिजवर जीव आहे, हाताने पिन ठेवलेली मला चालणार नाही, असं दोघांसमोर खडसावून सांगितलं. माझा स्वभाव दोघांनाही ठाऊक, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

वहिनींनी रेकॉर्ड पुसली, ब्रश मागून पुढे फिरवला आणि डाव्या हाताने लिव्हर सोडली. दांडा संथपणे उतरला. त्या वेळी मित्र खिडकीबाहेर बघत होता. तिथे समोरच्या टॉवरची भिंत सोडून बघण्यासारखं काहीच नाही. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी आळीपाळीने दोघांकडे बघत होतो आणि कुणाला काय माहीत आहे ते चेहऱ्यांवरून काही कळेना.

गाणं सुरू झालं. वहिनींनी उजवा हात मांडीवर घेतला आणि त्यावर डावा ठेवला. मित्र खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाला, "डावीकडून आवाज कमी येतोय का रे?"

मला तसं वाटत नव्हतं. तरी मी उठलो आणि वायरी तपासायला बसलो.