ज्याचे म्हणणे, त्याला आधी ऐकवा

निमोणकर सरांची आणि माझी ओळख माझ्या फजितीतून झाली. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, घर लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये, शाळा-कॉलेज सगळे दिल्लीतच. घरात बोलतो तेवढ्या मराठीच्या भांडवलावर मी सरांच्या वृत्तपत्राच्या दिल्ली कार्यालयात नोकरी मागायला गेले. कार्यालय म्हणजे एक खोली, दोन टेबले, एक फोन आणि एक फॅक्स. सरांनी नमुन्यादाखल बातमी लिहायला सांगितली. मी लिहिले, 'विपक्षाने सवाल खडा केला.' सरांनी कागद वाचून चष्मा काढला. "अहो, आपल्याकडे खडा भातात लागतो. पण उद्यापासून या. मराठी मी बघतो, माणसांशी बोलायला तुम्हाला येतंय." बावीस वर्षांच्या मुलीला ते त्या दिवशी 'अहो' म्हणाले, आणि आजतागायत त्यांनी मला एकेरी हाक मारलेली नाही.

उदारीकरणाचे ते दिवस होते. गुडगाव म्हणजे मोहरीची शेते आणि त्यांत उभे बिल्डरांचे फलक. एखादा मंत्री नवा कारखाना जाहीर करायचा, की लगेच कुणीतरी त्याविरुद्ध मोर्चा काढायचा, आणि आम्हा पत्रकारांची चंगळ व्हायची. सरांची मात्र एक पद्धत होती. बातमीत ज्याचे म्हणणे आहे, मग तो मंत्री असो, मोर्चेकरी असो की शास्त्रज्ञ, त्याला त्याची वाक्ये फोनवर वाचून दाखवायची. मगच मुंबईला फॅक्स करायचा. आजूबाजूच्या कार्यालयांतले लोक हसायचे, कारण त्यांची बातमी आमच्या तासभर आधी जायची. एकदा एक राज्यमंत्री स्वतःचेच वाक्य ऐकून भडकले, "ये मत छापिए." सर शांतपणे म्हणाले, "छापेंगे तो ज़रूर. सिर्फ़ बता रहे हैं, कल आपको आश्चर्य न हो."

या पद्धतीला मी एकदा दगा दिला, तो प्रसंग सरांच्या या गौरवग्रंथात सांगायचा असे मी ठरवले आहे.

मानेसरजवळच्या एका गावात विहिरीचे पाणी पिवळे येऊ लागले होते. गावकऱ्यांचा संशय नव्या कारखान्यावर. मी धौला कुआँहून बस पकडून गेले, बाटलीभर पाणी आणले आणि एका सरकारी प्रयोगशाळेतल्या डॉ. सक्सेना यांच्याकडून तपासून घेतले. पाण्यात धातू निघाले. डॉक्टर म्हणाले, "एक बोतल से कुछ साबित नहीं होता, बेटा. कारखाने से दूर के कुओं का पानी भी लाओ." हे वाक्य घातले असते तर बातमीतली हवाच गेली असती. मी ते गाळले. संध्याकाळी सरांनी नेहमीप्रमाणे विचारले, "डॉक्टरांना ऐकवलंत?" मी म्हणाले, "हो सर."

बातमी पहिल्या पानावर आली. दोन पक्ष हमरीतुमरीवर आले, आणि परवानगीवाचून निष्कर्ष जाहीर केला म्हणून डॉ. सक्सेनांना नोटीस मिळाली. त्यांचा फोन सरांनी उचलला. बराच वेळ नुसते ऐकून घेतले, मग माझ्याकडे पाहिले. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळले. ते ओरडले असते तर बरे झाले असते. "चला," एवढेच म्हणाले.

आम्ही डॉक्टरांच्या घरी गेलो. मी माफी मागितली. डॉक्टर म्हणाले, "आपने जो लिखा, वो मैंने कहा था. जो मैंने कहा था, वो सब आपने लिखा नहीं." सरांनी खाली मान घातली, जणू चूक त्यांचीच होती. परत येऊन त्यांनी, डॉक्टरांनी कोणताही निष्कर्ष काढला नव्हता, असा खुलासा लिहिला आणि खाली स्वतःचे नाव घातले. मुंबईहून संपादकांचा फोन आला, आतल्या पानावर टाकू या. सर म्हणाले, "बातमी पहिल्या पानावर होती ना? मग चूकही तिथंच छापा." खुलासा पहिल्या पानावर आला आणि डॉक्टरांची नोटीस मागे घेतली गेली. पुढच्या आठवड्यात सरांनी मलाच लांबच्या विहिरींचे पाणी आणायला धाडले. तेही खराबच निघाले. कारखान्याचा दोष किती आणि आधीपासूनचा किती, हे ठरवायला वर्षभर तपासणी लागेल, असे आम्ही छापले. त्या बातमीवर कुणी मोर्चा काढला नाही.

मला वाटले होते, नोकरी जाईल; ती राहिली. त्याच सुमारास वडिलांची बदली झाली, क्वार्टर सोडावे लागले. सर आणि त्यांच्या पत्नी सुनंदाताई यांनी मला आठ महिने आपल्या घरी ठेवून घेतले. त्या आठ महिन्यांत सक्सेनांचे नाव त्या घरात एकदाही निघाले नाही. ताई माझ्या ताटात आग्रहाने दुसरी पोळी वाढायच्या आणि सर माझ्या बातमीतले हिंदी वेचून काढायचे. एवढी निश्चिंत मी नंतर कधी झोपले नाही.

आता सर गुरुग्राममध्ये मुलाकडे असतात, उंच इमारतीत. मी नोएडातल्या एका वृत्तवाहिनीत आहे. गेल्या हिवाळ्यात हवा शुद्ध करणाऱ्या एका यंत्रावरून राजकीय वाद पेटला. एका शास्त्रज्ञ बाईंनी आम्हाला स्पष्ट सांगितले होते की चाचण्या अजून पूर्ण झालेल्या नाहीत. पडद्यावर चार नेते भांडत होते, वेळ कमी होता. ते वाक्य कापले गेले. कापणारी मीच.

मी सरांच्या फोनची वाट पाहिली. तो आला नाही. रविवारी मेट्रोने त्यांच्याकडे गेले आणि सगळे सांगितले. सर म्हणाले, "अच्छा? मी हल्ली बातम्या पाहत नाही. पाहिल्या की राग येतो, आणि रागवायचं कोणावर ते कळत नाही."

"माझ्यावर रागवा ना, सर."

"तुम्ही आता मोठ्या झालात," असे म्हणून त्यांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. परतताना मेट्रोत मी रडले. ती खोली, तो फॅक्स, ते दिवस परत येणार नाहीत हे मला कळते. पण माझ्या कामाकडे पाहणारे ते डोळे मला अजून हवे आहेत.

दुसऱ्या दिवशी मी वाहिनीत भांडले, आणि त्या बाईंचे पूर्ण म्हणणे दाखवले. कुणाच्या लक्षातही आले नाही.

सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होताना सारेच त्यांना उदंड आयुष्य चिंततील. मीही चिंतते. पण सर, ते फक्त तुमच्यासाठी मागते आहे असे म्हटले, तर तुमच्याशी दुसऱ्यांदा खोटे बोलल्यासारखे होईल. तुमच्या धाकावाचून मी नीट वागेन याची मला खात्री नाही. तुमची प्रकृती ठणठणीत राहो, डोळे-कान शाबूत राहोत, आणि टीव्ही पुन्हा सुरू करा. मी अजून एवढी मोठी झालेली नाही.