वाग्रिसला बातमी द्यायची नाही

वाग्रिस दातो माझ्या बहिणीचा नवरा. दाजी म्हणून मान द्यायचा, नाहीतर असल्या माणसाशी माझं एक दिवस जमलं नसतं. चालताना सदा मान खाली. समोरून उंट अंगावर आला तरी दिसायचा नाही, पण मुरमात पडलेली नखाएवढी दाढ लांबून दिसायची. अवाश नदीच्या काठच्या टेकड्या झिजल्या की लाखो वर्षांपूर्वीच्या माणसांची हाडं वर येतात. ती शोधायला राजधानी अदीसहून डॉक्टर सेनाइत दर हिवाळ्यात येऊन तंबू ठोकायच्या. वाग्रिस त्यांच्यासाठी हाडं हुडकायचा, मी बंदूक घेऊन राखण करायचो. माझी बहीण मोमिना म्हणायची, "जिवंत बायकोचं तोंड ह्यांना ओळखू येत नाही, मेलेल्यांचे दात बरोबर ओळखतात."

हाड सापडलं की मोठ्याने हाळी द्यायची आणि शेजारी लाल झेंडी खोचायची, ही कामाची रीत. ज्या दिवशी वाग्रिसला कवटी सापडली त्या दिवशी त्याची हाळी तंबूपर्यंत ऐकू आली. संध्याकाळी परतताना त्याला एक वाटसरू भेटला आणि दोघं दागुला बसले.

आम्हा अफार लोकांत दोन माणसं भेटली की दागु होतेच. काय पाहिलं, काय ऐकलं, सगळं सांगायचं. लपवायचं नाही, तिखटमीठ लावायचं नाही. पाणी कुठे, गवत कुठे, वैरी कुठे, हे त्यावरूनच कळतं आणि त्यावरच आम्ही जगतो. वाग्रिसनं सगळं सांगितलं. कवटी सापडली, उद्या सगळे बंदूकवाले तिच्यापाशी टेकडीवर असणार, विहिरीवर गुरांपाशी फक्त वाग्रिसचा भाऊ लुबाक. वाटसरूनं ते पुढच्याला सांगितलं, त्यानं त्याच्या पुढच्याला. जाता जाता बातमी शेजारच्या इस्सा जमातीच्या कानी पडली. त्यांचं आमचं पाण्यावरून आणि गवतावरून वैर, आजोबांच्या आजोबांपासूनचं.

सकाळी विहिरीकडून गोळ्यांचे आवाज आले. आम्ही धावत उतरलो तोवर गुरं गेली होती. लुबाक डोणीत पडला होता. पोटात गोळी घालून भागलं नव्हतं, बंदुकीच्या दस्त्यानं डोकंही फोडलं होतं. डोणीतलं पाणी लाल झालं होतं आणि एक तहानलेलं वासरू तेच पीत होतं. वाग्रिसनं भावाचं डोकं मांडीवर घेतलं आणि कानावरचं भोक तळव्यानं दाबून धरलं. लुबाक गेला तरी त्याला हात काढवेना. लुबाकचा मुलगा यायो, मिसरूड नुकतं फुटलेलं, रडला नाही. त्यानं बापाच्या कमरेचा सुरा काढून आपल्या कमरेला बांधला. तेव्हाच मला कळलं, आता ह्याला आवरणं कठीण.

काही दिवसांनी डॉक्टरांनी कवटी साफ करून वाग्रिसला दाखवली. तिलाही कानावर भोक होतं.

"दगडाचा घाव आहे," त्या म्हणाल्या. "कडा भरून आलेल्या नाहीत. म्हणजे लागला आणि मेला."

"मारणारा कोण? आमचा की इस्सा?"

डॉक्टर हसल्या, मग त्याचा चेहरा बघून थांबल्या. "तेव्हा तुम्ही नव्हता, ते नव्हते, आम्हीही नव्हतो. आपल्या सगळ्यांचा पूर्वज म्हणा हवं तर."

"म्हणजे तेव्हापासून चाललंय," वाग्रिस म्हणाला आणि बाहेर गेला.

त्यानंतर हाडं शोधता शोधता तो लांबच्या डोंगरधारेवर गेला. पलीकडे इस्सांचा तळ पडलेला. गुरं, चुली, पोरं आणि पुष्कळ बंदुका. परतताना यायो आडवा आला आणि दागुला बसला.

"काका, धारेपलीकडे काय पाहिलंस?"

"हाडं पाहिली. दुसरं काही नाही."

वाग्रिसनं हे मला सांगितलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. "दाजी, दागुत खोटं? टाळकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

"तिथे बंदुका फार आहेत रे. पोरगा गेला तर परत येणार नाही. लुबाकचा एवढा एकच उरलाय, तो मला जिवंत हवाय."

आमच्याकडे माणूस पावलावरूनही ओळखतात. टेहळे धारेवर गेले, त्यांना इस्सांचा तळ दिसला आणि अलीकडे वाग्रिसची पावलं दिसली. मग काय, दागुत लपवलं त्याला सोडायचं कसं? त्याच्याच वयाच्या गड्यांनी त्याला बाभळीला बांधलं आणि उंटाच्या काठ्यांनी सोलून काढलं. पाठीची कातडी काठीला चिकटून येत होती. शेवटी यायो पुढे झाला.

"माझ्या बापाचं रक्त तुला पाण्यासारखं वाटलं का रे, काका?" म्हणाला आणि काठी वाग्रिसच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मागे उभ्या असलेल्या बायकांनाही आला. वाग्रिस त्याच्याकडे बघत राहिला. वडीलधाऱ्यांनी निकाल दिला, ह्याच्याकडून दागु घ्यायची नाही आणि ह्याला द्यायची नाही.

मोडलेला हात फडक्यात अडकवून तो पुन्हा टेकड्यांवर जाऊ लागला. ओळखीची माणसं शेजारून जात, थांबत नसत. मोमिनाही चुलीपाशी गप्प बसायची, मग कोपऱ्यात जाऊन रडायची.

मी डॉक्टरांबरोबर गावाला डिझेल आणायला गेलो होतो तेव्हाच यायो आणि त्याचे सोबती धारेपलीकडे गेले. जाणार हे अख्ख्या मुलखाला माहीत होतं, एका वाग्रिसला सोडून. कळलं असतं तर तो यायोच्या पायाला मिठी मारून बसला असता. पोरगं त्याला फरपटत कुठवर नेणार होतं?

परतताना वाटेतच मला दागु मिळाली. इस्सा दबा धरून होते. सोबती पळाले. यायोला गोळी लागली, तरी तो कवटीच्या टेकडीपर्यंत धावला. तिथल्या घळीत त्यांनी त्याला गाठलं. प्रेत अजून आणलेलं नव्हतं. मी गाडीतून उडी मारली आणि पळत सुटलो.

वाग्रिस माझ्याआधी पोचला होता. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. रोजच्यासारखा मान खाली घालून हाडं शोधत आला होता. ह्या वेळी त्यानं हाळी दिली नव्हती. यायोच्या डोक्याशी लाल झेंडी खोचलेली होती आणि वाग्रिस धड हातानं त्याच्या कानावरच्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवत होता.

"हा इथे कसा?" माझ्याकडे न बघता तो म्हणाला. "सांग ना रे कुणीतरी."

वडीलधारे गेले खड्ड्यात. मी बंदूक बाजूला ठेवली, त्याच्यासमोर मुरमात बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लागलो.