शिळं पाणी

बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, या एका वाक्यावर आईने माझ्या घरात महिनाभर राज्य केलं. मुलगी झाली तेव्हा माझं बाळंतपण करायला ती पुण्याहून ऑकलंडला आली होती. आल्या दिवसापासून माझे कान रुमालाने बांधलेले, पायांत मोजे आणि घरातल्या सगळ्या खिडक्या बंद. बाहेर फेब्रुवारीचा कडक उन्हाळा. दर आठवड्याला बाळाला तपासायला येणारी मिडवाइफ माझ्याकडे बघून काळजीने विचारायची, "आर यू कोल्ड?" मी घाम पुसत नाही म्हणायचे. त्यामुळे उत्तरेकडच्या बेटांना झोडपून चक्रीवादळ आमच्याकडे सरकतंय, असं रेडिओवर सांगायला लागले, तेव्हा आईला ते आपल्यालाच छळायला निघालंय असं वाटलं.

मला वाऱ्याची नाही, पाण्याची काळजी होती. आमचं घर शहराच्या पश्चिमेला, डोंगरउतारावर झाडीत आहे. तिथे नगरपालिकेचा नळ नाही. छपरावर पडणारं पावसाचं पाणी घरामागे जमिनीत पुरलेल्या काँक्रीटच्या टाकीत साठतं आणि विजेचा पंप ते नळाला पोचवतो. वीज गेली की पंप बंद, आणि पंप बंद झाला की घरात थेंब नाही. एरवी आम्ही बाहेरून काहीतरी मागवून वेळ मारून नेली असती. पण मुलगी जन्मली तीच कमी वजनाची. आई मला अळीव, डिंक, शेपा, मेथी असं जे सापडेल ते खायला घालत होती, तरी माझं दूध पुरत नव्हतं. मिडवाइफने वरचं दूध सुरू करायला सांगितलं होतं, आणि पुढच्या खेपेला वजन वाढलेलं दिसलं नाही तर तिला हॉस्पिटलात ठेवावं लागेल, असंही सांगितलं होतं. वरचं दूध म्हणजे पावडर. पावडरला उकळलेलं पाणी, बाटल्या उकळायला पाणी, आणि हे सगळं दिवसरात्र.

नवरा दोन दिवसांसाठी ऑफिसच्या कामाला वेलिंग्टनला गेला होता. जाण्याआधी त्याने तयारी केली होती. सुपरमार्केटात पाव संपला होता, बॅटऱ्या संपल्या होत्या. सँडरिंगहॅमच्या आपल्या भारतीय दुकानात मात्र पोहे, रवा, गूळ सगळं जागच्या जागी होतं, ते त्याने पोत्याने आणलं. गॅसची छोटी शेगडी आणि तिच्या नळकांड्या आणल्या. डेकवरच्या खुर्च्या एकात एक घालून नायलॉनच्या दोरीने कठड्याला बांधल्या. मग त्याचं परतीचं विमान रद्द झालं आणि तो फोनवरून सूचना द्यायला लागला.

"पाणी भरलंस ना?"

"आईने घरात वाटीसुद्धा रिकामी ठेवलेली नाही," मी म्हटलं.

ते अगदी खरं होतं. ज्या बाईने आयुष्यभर एक दिवसाआड येणारं पाणी भरलंय, तिला पाणी भर म्हणून सांगावं लागत नाही. कुकर, कढई, पातेली, परात, बादल्या, बाळाचा टब, एवढंच काय, माझ्या लग्नातली फुलदाणीसुद्धा भरली. मग ती वाऱ्याकडे वळली. खिडक्यांच्या फटींत टॉवेल कोंबले, दाराखाली चादरीची गुंडाळी लावली, दशम्या केल्या, चिवडा केला. खालच्या घरातला म्हातारा शेजारी गमबूट घालून विचारपूस करायला आला. तो मुलीकडे राहायला निघाला होता. "हीप्स ऑफ टाइम," तो म्हणाला, "शी'ल बी राइट." म्हणजे, वेळ भरपूर आहे, होईल सगळं ठीक. आईला इथे शिकलेला एकच शब्द, माओरी नमस्काराचा, सगळीकडे चालतो असा अनुभव होता. ती हसून "किया ओरा" म्हणाली आणि त्याच्या हातात चिवड्याचा डबा ठेवला.

वादळ रात्री येणार होतं. आलं नाही. मी मुलीला घेऊन जागत बसले आणि पहाटे कधीतरी डोळा लागला.

जाग आली ती भांड्यांच्या आवाजाने. बाहेर स्वच्छ ऊन, झाडाचं पान हलत नव्हतं. स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर कुकर, कढई, पातेली, खाली बादल्या आणि टब, सगळं घासूनपुसून पालथं घातलेलं. कढीपत्त्याच्या कुंडीखाली पाण्याचं तळं. आई नळाखाली पातेलं धरून उभी होती.

"आई, पाणी कुठेय?"

"ओतलं. शिळं झालं होतं. आता ताजं भरते," ती म्हणाली. "ते वादळ गेलं तिकडच्या तिकडे."

तेवढ्यात फ्रिजची घरघर थांबली. नळाची धार बारीक झाली आणि तुटली. पातेलं जेमतेम अर्धं भरलं होतं. आमच्याकडे ऊन होतं, पण पलीकडच्या डोंगरावर वारा पोचला असावा आणि तिथेच कुठेतरी तार तुटली असावी.

माझा राग नाकावर असतो आणि तो मी आईकडूनच घेतला आहे.

"पाणी शिळं होतं का आई? पाणी?"

"मग काय, रात्रभर उघडं राहिलेलं पाणी महिन्याच्या पोरीला पाजायचं?"

"उकळून पाजणार होतो आपण!"

"उकळलं म्हणून शिळं ताजं होतं का?"

आम्ही दोघी एकमेकींकडे पाठ करून कामाला लागलो. दुपारपर्यंत आकाश काळं झालं आणि मग वारा आला तो असा की बोललेलं ऐकू येईना. उताराच्या तोंडाशी एक झाड आडवं पडलं आणि खाली डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, जाऊन पाण्याच्या बाटल्या आणायचा रस्ताही बंद झाला. अर्ध्या पातेल्यातलं पाणी संध्याकाळपर्यंत संपलं असतं. मुलगी रडायला लागली की मी पातेल्यात किती उरलं ते बघायचे. मला भीती वाटत होती, आणि आईलाही वाटत होती, कारण ती तोच कोरडा नळ परत परत उघडून बघत होती.

पाऊस सुरू झाल्यावर तिने परात डेकवर ठेवली. पाऊस आडवा येत होता. परातीत चार थेंब आणि मूठभर पाला जमला, आणि मग वाऱ्याने परात उचलली आणि खाली दरीत नेली. ठणठण आवाज बराच वेळ येत राहिला.

"तुमच्या नळाला पाणी येतं कुठून?" आईने इतक्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं.

मी खिडकीतून दाखवलं. घरामागे काँक्रीटची गोल चकती, मध्ये झाकण.

"ती? ती संडासाची टाकी ना?"

म्हणजे महिनाभर बाई तिला वळसा घालून कपडे वाळत घालायला जात होती! मी सांगितलं, ती टाकी पलीकडे आहे, हिच्यात पावसाचं पिण्याचं पाणी असतं. काठोकाठ भरलेलं.

आई खिडकीला नाक लावून बघत राहिली. "अगं, मग हा आड आहे," ती म्हणाली. "घरात आड आहे आणि आपण बोंबलत बसलोय."

तिने कडीचा डबा काढला. दोरी एकच होती, खुर्च्यांना बांधलेली. ती सोडल्यावर एक खुर्ची परातीच्या मागे गेली. आईने डब्याच्या कडीला अशी गाठ मारली की तशी मारताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. लग्नाआधी ती आडाचंच पाणी भरायची, हे मला माहीत होतं, पण ती गोष्ट मी फक्त ऐकून सोडून दिलेली.

"तू यायचं नाहीस. वारा लागेल."

झाकण तिला एकटीला हलेना. मी काचेतून बघत होते. पासष्टीची बाई, माझ्या नवऱ्याचा रेनकोट घोट्यापर्यंत लोंबलेला, झाकणाशी झटतेय. मी मुलीला पाळण्यात ठेवलं आणि बाहेर पळाले. मला बघून आईने आधी काय केलं असेल, तर झाकण सोडलं, आपल्या डोक्याचा रुमाल काढला आणि तो माझ्या कानांवरून दुसरी घडी घालून करकचून बांधला. झाडं मुळापासून हलत होती आणि ती माझ्या कानात ओरडत होती, "कान झाक!"

दोघींनी मिळून झाकण सरकवलं. आईने डबा आत सोडला, मनगटाला एक झटका दिला, डबा आडवा होऊन बुडाला आणि भरून वर आला. मी नुसता सोडला असता तर तो वरच तरंगत राहिला असता. पहिला डबा तिने खळबळून टाकून दिला. दुसरा मला दिला. बादली भरली, झाकण पुन्हा बसवलं. आत येऊन पाणी दुहेरी पंच्यातून गाळलं, शेगडीवर खळखळून उकळलं. मुलगी बाटलीभर दूध प्यायली आणि झोपली. आई तिच्याकडे बघत ओल्या केसांनी जमिनीवरच बसली आणि रडली. "मी ओतलं गं," एवढंच म्हणाली. मी तिचे केस पुसले. माझा राग कधी उतरला ते मला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस होता, वारा बराच कमी झालेला, वीज नव्हती. भांड्यांच्या आवाजाने जाग आली. भांडी ओट्यावर पालथी. कढीपत्त्याखाली तळं. आई दारात उभी, एका हातात दोरी आणि डबा, दुसऱ्या हातात माझा रुमाल.

मी तोंड उघडलं.

"कान बांध," ती म्हणाली. "चल."

मी कान बांधले.

वीज आली, रस्ता मोकळा झाला, नवरा आला. मिडवाइफ आली तेव्हा मी तिच्या वजनकाट्याकडे बघायला टाळाटाळ करत होते. तिने मुलीला ठेवलं, आकडा पाहिला, पुन्हा ठेवलं आणि हसली. वजन वाढलं होतं, चांगलं वाढलं होतं. "व्हॉटेव्हर यू आर डुइंग," ती म्हणाली, "कीप डुइंग इट."

आईने मला कोपराने ढोसलं. काय म्हणाली ते विचारलं आणि मी सांगितलं.

"मग सांग ना तिला," आई म्हणाली, "रोज ताजं पाणी."