निनावी चिठ्ठीचा वास

शनिवारच्या शेवटच्या तासाला इतिहासाचे सर पुस्तक उघडू देत नसत. खांद्यावरच्या पिशवीतून ते एखादा जुना कागद काढत: कुणाची लग्नपत्रिका, कुणाचं विजेचं बिल, कडा झिजलेलं पोस्टकार्ड. तो कागद बाकांवरून हातोहात फिरे आणि आम्ही नववीतली मुलं त्याची उलटतपासणी घेत असू. कुणी लिहिलं, कुणासाठी, कोणत्या घाईत?

"पहले नाक लगाओ," सर म्हणत. "आँख पढ़ी-लिखी है, जल्दी धोखा खाती है."

एकदा एका पोस्टकार्डाला मोहरीच्या तेलाचा वास आला. लिहिणारी बाई स्वयंपाक करता करता लिहीत असणार, असं मी ठासून सांगितलं. सरांनी भुवया उंचावल्या. "कैसे पता? हो सकता है डाकिए ने पराठा खाया हो."

वर्ग खदखदून हसला. ते हसू मला लागलं नाही. दिल्लीच्या छावणीत वाढलेली मी. बाबा फौजेत हवालदार. आमच्या क्वार्टरमध्ये "वरून ऑर्डर आहे" या वाक्यानंतर कुणी काही विचारत नसे. सरांचं ते "कैसे पता?" मी आवळ्यासारखं तोंडात धरून घरी यायचे, आधी तुरट, मग पाणी प्यावं तसं गोड होत जाणारं. त्या वयात मी कविता लिहू लागले होते, आणि शब्दांवर संशय घेणं हेही प्रेमच असतं, हे मला त्यांनी शिकवलं.

दिवाळीनंतर त्यांनी मिठाईच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला चीर पाडली आणि डबा टेबलावर ठेवला. त्याचं नाव पूछ-पेटी. "नाम मत लिखना," ते म्हणाले. "यहाँ सवाल का मुँह देखा जाएगा, पूछने वाले का नहीं."

माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचे वडील ट्रक चालवत. आई छावणीच्या मागच्या वस्तीत शिवणकाम करी. मैत्रीण गणितात आणि विज्ञानात सहामाहीला नापास झाली होती. आमच्या शाळेच्या फाटकावर दर उन्हाळ्यात 'दहावीचा निकाल शंभर टक्के' असा फलक झळके, आणि त्यामागची रीत सगळ्यांना ठाऊक होती. नववीत मागे पडलेल्या मुलांच्या पालकांकडून 'आम्ही स्वेच्छेने शाळा सोडत आहोत' असा अर्ज लिहून घेत. मुलं जात. फलक राही.

एका दुपारी डबा खाताना ती माझ्या कानाशी आली. "ए कवयित्री, एक बात बताऊँ? पर अपनी कविता में मत डाल देना."

तिच्या आईने आठवडाभर उपप्राचार्यांच्या दाराशी उभं राहून एक वचन मिळवलं होतं. दोन्ही विषयांची परीक्षा तिला पुन्हा देता येणार होती, गुपचूप. अट एकच: बाहेर कुठे बोलायचं नाही. पास झाली, तर दहावीत बसेल.

"किसी से मत कहना," ती म्हणाली. तिच्या श्वासाला लोणच्याचा आंबूस वास होता. मी मान हलवली.

चार दिवसांनी मी चिठ्ठी लिहिली. 'शाळेचा निकाल शंभर टक्के लागतो. पण ज्यांना नववीतच घरी पाठवलं, ती मुलं या शंभरात कुठे असतात?' एवढ्यावर थांबता आलं असतं. पण प्रश्न मला अपुरा वाटला, शेवटची ओळ नसलेल्या कवितेसारखा. म्हणून खाली लिहिलं, 'आणि एखादीला गुपचूप पुन्हा परीक्षेला बसवतात, ते कोणत्या नियमाने?' आता तो पूर्ण झाला. सुंदर झाला. मी तो दोनदा वाचला.

काळजी मी पुरेपूर घेतली होती. डाव्या हाताने, सुटी सुटी अक्षरं काढून लिहिलं. पेन नवं. कागद वहीतला नव्हे, घरातल्या ट्रंकेत ठेवलेल्या कोऱ्या गठ्ठ्यातला.

सोमवारी मला प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं. बाबा आधीच आले होते, गणवेशात, टोपी काखेत. टेबलावर काचेच्या पेपरवेटखाली माझी चिठ्ठी होती आणि शेजारी सर उभे होते. त्यांनी चिठ्ठी उचलली आणि शनिवारी नेत तशीच, सावकाश, नाकाशी नेली.

"तुम्हारे घर में कौन-सा मसाला आता है, बेटा?"

गोडा मसाला. आजोळहून दर वर्षी येणारा, दगडफुलाचा, तिळाचा, सुक्या खोबऱ्याचा. वर्गात मराठी घर आमचं एकटंच होतं. आई त्याच्या पुड्या त्याच ट्रंकेत ठेवत असे. सांगायला लाज वाटते, पण पहिल्या क्षणी माझ्या मनात कौतुकच दाटलं. किती अचूक!

"सर, आपने कहा था..."

"कहा था." ते खिडकीबाहेर पाहत होते. "सवाल अच्छा था, बेटा."

दुसऱ्यांदा उच्चारलेला तो 'बेटा' मी आजवर माफ केलेला नाही. पेटीचा त्यांना विसर पडला नव्हता, ते कुणाला घाबरलेलेही नव्हते. मला ओळखायला त्यांनी तीच विद्या वापरली, जी माझ्या हाती देताना तिला ते स्वातंत्र्य म्हणाले होते.

बाबांनी "गलती हो गई साहब" म्हटलं. प्राचार्यांनी माझ्याकडून माफीनामा लिहून घेतला. स्कूटरवरून परतताना बाबा इतकंच म्हणाले, "विचारायला शिकवतात, मग कुणाला विचारायचं तेही शिकवायला नको का गं?"

घरी आईने कागदांचा गठ्ठा पुन्हा पुन्हा हुंगला. "मला तर कसलाच वास येत नाही बाई." मलाही येत नव्हता. सगळ्या जगाचे कागद हुंगायला शिकलेल्या मला आपल्या घराचा वास कधी आलाच नव्हता.

मी शाळेत राहिले. मैत्रिणीची परीक्षा मात्र नियमात बसत नाही म्हणून रद्द झाली आणि तिच्या आईने 'स्वेच्छेने' अर्ज लिहिला.

आता मी गुरुग्राममध्ये शाळांची पुस्तकं तयार करणाऱ्या एका कंपनीत काम करते. 'तुम्हाला असे का वाटते?' या प्रश्नाखाली मी चार ओळी मोकळ्या सोडते आणि शिक्षकांच्या प्रतीत अपेक्षित उत्तर छापायला देते. काचेच्या इमारतीत बसून हे करताना सर आठवतात, आणि राग अजून ताजा असतो. त्याची चव मी ओळखते. पण त्या रागाच्या मागोमाग वस्तीतला तो अरुंद जिनाही येतो.

अर्ज दिल्याच्या आठवड्यात मी मैत्रिणीच्या घरी गेले होते. आत शिलाई मशीन चालू होतं. ती बाहेर येऊन वरच्या पायरीवर बसली. मी दोन पायऱ्या खाली उभी राहिले. मी तिला सरांनी कसा विश्वासघात केला ते सगळं सांगितलं, चिठ्ठी हुंगण्यापर्यंत. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मैंने तेरे लिए ही पूछा था," मी म्हणाले.

"मुझसे पूछा था?"

ती उठली, फ्रॉकला चिकटलेले दोऱ्याचे तुकडे झटकले आणि आत गेली. मशीन थांबलं. तिच्या आईने विचारलं, "कौन था?"

"कोई नहीं, माँ. स्कूल से कोई आया था."

मशीन पुन्हा सुरू झालं.